पाण्याविषयी आमचे म्हणणे

२७ मार्च १८९५. पाडवा.
नवी वही. संकल्प तीन. रोज लिहायचे. खरे तेच लिहायचे. चाळीला नळ आणायचा.

तिसऱ्याचे कारण असे. वॉर्ड हापिसाने नाक्यावर बोर्ड लावला आहे. पाण्याविषयी रहिवाशांचे जे म्हणणे असेल ते लेखी द्यावे, त्यावर विचार करून सोय सुधारली जाईल. चाळीत वाचता येणारा मी एकटा, म्हणून सगळ्यांना वाचून दाखवले. जन्माला येऊन एकूणपन्नास वर्षे झाली. गुणाजी, तुझे म्हणणे काय, असे आजवर कोणी विचारले नव्हते. घरात तर नाहीच.

बासष्ट खोल्या आणि मागे एक बावडी. पहाटेपासून बायकांची घागरीला घागर लागते. नळ झाला तर सुटतील. मला स्वतःला नळ नको. तोटीत चामडे असते, ते पाणी देवाला चालत नाही. माणसांना नळ, देवाला बावडी, अशी वाटणी मी ठरवली आहे.

हनुमान जयंतीपर्यंत काम होईल.

३० मार्च.
अर्ज तयार. अक्षर मोत्यासारखे.

गावच्या शाळेत पंतोजी सांगत, सरकारचा कान जाड, दुःख मोठ्याने लिहावे. एक शेळी मेली तर कळप मेला म्हणावे, तेव्हा कुठे एका शेळीचा विचार होतो. त्याप्रमाणे लिहिले की बावडीचे पाणी गढूळ, त्यात किडे, चाळीत घरोघर हगवण.

बायकोला, रखमाला, वाचून दाखवले. ती म्हणाली, "बावडीत किडे नाय हत, मगे कागदार कित्या घालतास?"

बायकांना अर्जाची रीत कळत नाही. लिहून दमलो होतो, बावडीचे तांब्याभर पाणी प्यालो. शहाळ्यासारखे गोड.

१ एप्रिल.
अंगठे घेतले. त्रेपन्न. शेजारचा धोंडू, गिरणीतला मुकादम, विचारत होता की आत काय लिहिलंय. म्हटले, नळ हवा असे. खोटे नाही सांगितले. शेवटी तेच लिहिले आहे.

३ एप्रिल. रामनवमी.
अर्ज दिला. नंबर ११४. कारकुनाने तो वाचून दोनदा माझ्याकडे पाहिले. अक्षरावर खूश झाला असावा.

अशा माणसाला वॉर्डाच्या कामात सल्ल्याला बोलावतात म्हणे. कोट उन्हात घातला.

९ एप्रिल. हनुमान जयंती.
नळ नाही. दुसरा अर्ज दिला. त्यात बावडीत मेलेले कबूतर घातले. मेलेले मी पाहिले नाही. पण चाळीत कबुतरे आहेत आणि बावडी उघडी आहे.

१६ एप्रिल. दुपारी.
फार वाईट दिवस.

इन्स्पेक्टर आला. मी गिरणीत हजेरी मांडून अर्ध्या दिवसाची रजा घेऊन हजर. त्याने एकेकाला विचारले, पाणी कसे आहे. धोंडू म्हणाला, अमृत. मासे विकायला येणारी कोळीण तुळसा मधे पडली, की पाटी टेकून इथले पाणी प्याल्याशिवाय आपण पुढच्या चाळीत जातच नाही. कोणाला हगवण? कोणालाच नाही. एक म्हातारा तर म्हणाला, आपली बद्धकोष्ठाची तक्रार आहे.

त्रेपन्न अंगठे, आणि माझ्या बाजूने एक जीभ नाही. असा दगा मी कोणाला दिला नसता.

मग इन्स्पेक्टर माझ्याकडे वळला. अर्जात लिहिलेले खरे आहे, असे देवाला स्मरून सांगता का? मी मनात देव्हाऱ्यातल्या बाळकृष्णाची क्षमा मागितली आणि हो म्हणालो. चाळीच्या कल्याणासाठी. त्याने ते लिहून घेतले, माझी सही घेतली आणि बावडीचे पाणी बाटलीत भरून नेले.

रखमा तिथेच उभी होती. काही बोलली नाही. म्हणजे पटले असावे.

२० एप्रिल.
हापिसातून पत्र नाही. नळाच्या दिवशी चार शब्द बोलावे लागतील. तयार केले. त्यात माझे नाव एकदाच येते, तेही शेवटी.

२७ एप्रिल. अक्षय तृतीया.
आज घरोघर पाण्याने भरलेले मडके दान देतात. त्याच गडबडीत हापिसाचे चार गडी आले. मला वाटले नळ. त्यांच्याकडे फळ्या, लोखंडी पट्टी आणि कुलूप होते. बावडी झाकली. कठड्यावर नोटीस चिकटवली.

धोंडू म्हणाला, बुवा, वाचा. सगळी चाळ भोवती. वाचली. पाणी दूषित असल्याची तक्रार आल्यावरून ही बावडी पुढील हुकुमापर्यंत बंद. मी कागद वाचून संपला असे दाखवून मागे सरकलो.

गड्यांबरोबर आलेला हापिसाचा पट्टेवाला मोठा चावट. म्हणाला, "बुवा, शेवटची ओळ राहिली."

राहिली नव्हती, मी ठेवली होती. त्यानेच पाठ म्हणून दाखवली. तक्रारदार व शपथेवर जबाब देणार, गुणाजी, खोली नंबर सतरा.

एकेक जण घागर उचलून गेला. तुळसा तेवढी थांबली आणि म्हणाली, "मुकी माणसं बरी रं बाबा. त्यांना लिवता येत नाय."

२९ एप्रिल.
दगा कोणी दिला याचा शांतपणे विचार केला. एक, सरकारने. मी मागितले ते दिले नाही, होते ते नेले. दोन, धोंडूने. तो अमृत म्हणाला नसता तर मला शपथ घ्यावी लागली नसती. तीन, अजून ठरलेले नाही.

तिसरा अर्ज केला. बावडीचे पाणी उत्तम आहे, किडे नव्हते, कबूतर जिवंत आहे. कारकुनाने तिन्ही कागद शेजारी शेजारी मांडले, आत जाऊन आला आणि म्हणाला, "साहेब विचारतात, खरे कोणते, ते आधी तुम्ही ठरवाल का?"

या लोकांना नुसते लेखी हवे असते.

२ मे.
चाळ नाक्यावरच्या नळावर पाणी भरते. बायका चार चार खेपा घालतात. माझ्याशी कोणी बोलत नाही. रखमा बोलते, पण कामापुरते.

देवासाठी भरून ठेवलेली कळशी संपली. पलीकडच्या वाडीतल्या विहिरीवर गेलो. तिथला माळी आनंदा भला माणूस. त्याने पाणी शेंदून दिले. वर म्हणाला, "रोज न्या बुवा, फक्त वहीपेन्सिल घरी ठेवून या."

बातमी तिथवर गेली आहे.

८ मे.
आज कळले, तेही भाकरी थापताना रखमाने सांगितले म्हणून. परवा चाळीतल्या बायका रिकाम्या घागरी घेऊन वॉर्ड हापिसात गेल्या होत्या. पुढे तुळसा. कागद नाही, अंगठा नाही. हापिसाच्या अंगणात उभ्या राहिल्या. साहेब ओट्यावर आला. खोल्या किती, नाक्यावरचा नळ किती लांब, एवढेच त्याने विचारले. एक माणूस पाठवून अंतर मोजून घेतले. महिनाभरात नळ मंजूर.

मी म्हटले, म्हणजे माझे अर्ज कामाला आले, जमीन मी भुसभुशीत केली होती. रखमा म्हणाली, साहेबाने शेवटी विचारले की आणखी काही म्हणणे आहे का. तेव्हा एकीने सांगितले की सतरा नंबरचा कागद आला तर कृपा करून वाचू नये. साहेबाने ते लगेच लिहून घेतले.

मी विचारले, एकी म्हणजे कोण.

ती भाकरी उलटत म्हणाली, "मी."

तिसरे नाव ठरले.

मग बावडी तरी उघडा म्हणावे, असे मी पुटपुटलो. तेही विचारून झाले होते. आमचे पाणी चांगले, असे सगळ्यांनी सांगितले. साहेब म्हणाला, असेल, पण ते वाईट असल्याचे एकाने देवाला स्मरून सांगितले आहे. शपथेवरचा जबाब मोडता येत नाही.

२९ मे.
वाडीच्या मालकाने आनंदाला ताकीद दिली की त्या माणसाला विहिरीजवळ फिरकू देऊ नको. आनंदाने फाटकातूनच हात जोडले.

१ जून.
नळ आला. जिन्याखाली, पितळी तोटी. कोणी मला बोलावले नाही. मी खिडकीतून पाहिले. पाणी चांगले जोरात येते.

४ जून. सकाळी.
तीन दिवस बाळकृष्ण ताम्हणात कोरडा. नुसते गंधफूल. आज आसनावर बसून बराच वेळ त्याच्याकडे पाहत राहिलो. रखमा नळाचा तांब्या भरून घेऊन आली आणि माझ्यापुढे ठेवला. मी चामड्याचे सांगायला लागलो.

ती म्हणाली, "देवाक इचारलंय मी. तेची काय तक्रार नाय."

मग आंघोळ घातली. पुसून जागेवर ठेवला. पाणी थंड होते, स्वच्छ होते. देव काही बोलला नाही. चाळीतही अजून कोणी बोलत नाही.