विरोधाची चिठ्ठी

शनिवार, ९ नोव्हेंबर

ती. आईंना,
साष्टांग नमस्कार.

तुमचं पत्र पोचलं. गुडघ्याचं ऑपरेशन आता लांबणीवर टाकू नका. भावजी सुट्टी काढायला तयार आहेत, तर काढू द्या त्यांना. मी बरी आहे. जेवते, झोपते, कॉलेजात जाते. मोरीतला नळ गळत होता, तो दुरुस्त करून घेतला. जाऊबाईंना सांगा, हे गेले म्हणून रोज फोन करून माझी चौकशी करायला नको. रोज तेच उत्तर द्यायचा मलाच कंटाळा येतो.

तुम्ही मागच्या पत्रातही विचारलं होतंत, ह्यांच्या भूमापनाच्या कोर्सचं काय चाललंय. मी तेव्हा नळाचंच लिहिलं. आज सांगते.

आमच्या अभ्यासक्रम समितीत ह्यांनीच पाडलेला एक पायंडा आहे. दरवर्षी प्रत्येक कोर्सची तपासणी होते. चालू ठेवायचा, सुधारायचा की बंद करायचा? तेव्हा ज्याच्या नावाची चिठ्ठी निघेल त्याने त्या कोर्सच्या विरोधात बोलायचंच, मनात काहीही असो. ह्यांचं म्हणणं, एवढंसं कॉलेज, सगळे एकमेकांच्या घरचे. तोंडावर कोणी कोणाला वाईट म्हणत नाही आणि भोगतात मुलं. मग बाकीच्यांनी बाजू घ्यायची, कचाकचा भांडायचं, आणि त्यातून कोर्स सुधारायचा. गेल्या वर्षी ह्यांनी माझ्या भाषेच्या कोर्सची अशी सालटी काढली की मी घरी आल्यावर अबोला धरला. "अगं, चिठ्ठी निघाली, मी काय करू?" म्हणत मागे मागे फिरत होते.

ह्या वर्षी भूमापनासाठी माझ्या नावाची चिठ्ठी निघाली. प्राचार्य म्हणाले, तुम्ही राहू द्या, दुसऱ्या कोणाला तरी सांगतो. मी म्हटलं, चिठ्ठी ती चिठ्ठी.

बोलले. मुलं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. उपकरणं जुनाट. शिकवणारा माणूस राहिला नाही, आणि आपण देतो त्या पगारात दुसरा मिळायचा नाही. हे शेवटचं बोलतानाही आवाज हलला नाही माझा. मग खाली बसले आणि भांडण सुरू व्हायची वाट पाहू लागले.

उत्तरं सगळ्यांना पाठ आहेत, आई. हा कोर्स पुरा केलेलं एकही पोर घरी बसलेलं नाही. भौतिकशास्त्राचे सर निम्मे तास घ्यायला तयार होते, जिन्यात मला तसं म्हणालेही होते. पण कोणी तोंड उघडेना. सर चहाच्या कपात बघत राहिले. वाणिज्यच्या बाईंनी माझ्या हातावर हात ठेवला, तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. चिठ्ठीचं ही मंडळी विसरूनच गेली होती. त्यांना वाटलं, मलाच तो कोर्स डोळ्यांसमोर नकोय. माझं मन राखायला सगळे गप्प बसले होते.

प्राचार्यांनी हळूच विचारलं, "बाई, तुमची इच्छा हीच आहे ना?"

एका शब्दाने काम झालं असतं. मी टेबलाकडे बघत बसले. हो म्हणावंसं वाटेना, नाही म्हणावंसंही वाटेना. काहीच वाटेना. त्यांनी तोच होकार धरला. कोर्स बंद झाला. मग सगळे मला फाटकापर्यंत सोडायला आले, हे गेले त्या दिवशी आले होते तसेच.

ठरावावर शेवटच्या सह्या शुक्रवारी होतील. तोवर तो फिरवता येतो. मी चिठ्ठीपुरतं बोलले, एवढं प्राचार्यांना जाऊन सांगितलं तरी पुरे. रोज त्यांच्या दारापर्यंत जाते आणि तशीच वर्गावर निघून जाते. हे गेल्यापासून मी रडलेले नाही, हे जाऊबाईंनी तुमच्या कानावर घातलं असेलच.

इथे सगळे फार समजूतदार आहेत हो. कोणी मला एका शब्दाने दुखवत नाही. ह्यांनी घर डोक्यावर घेतलं असतं. आता तो हक्क तुमचाच. मला फोन करा आणि रागवा. "माझ्या लेकाचा कोर्स बुडताना तू गप्प कशी बसलीस?" असं विचारा. चांगलं खडसावून विचारा. बिचारी म्हणून सोडून देऊ नका. मग मला तुम्हाला तरी काहीतरी उत्तर द्यावंच लागेल.

शुक्रवारच्या आत करा.

तुमच्या रागाची वाट पाहणारी,
तुमची थोरली सून