आभाराच्या पानावर तुमचं नाव नाही

नाना, परवा माझ्या विद्यार्थ्यांनी लॅपटॉप माझ्यापुढे सरकवला आणि म्हणाले, मॅम, प्रोजेक्ट सबमिट करायचाय, यात तुम्हाला ज्यांना थँक्यू म्हणायचंय त्यांची नावं टाका. आभार मानण्याची आजकाल फार हौस आहे. या मुलांनी तर कॉलेजसमोरच्या पोहेवाल्याचेसुद्धा आभार मानले आहेत, कारण तो यांना उधारीवर खायला घालत होता. मी खुर्ची ओढून बसले, चारपाच नावं टाइप केली, आणि मग तुमचं नाव घालावं की नाही इथे येऊन अडले. तुम्ही या मुलांच्या जन्माआधी गेलात. या प्रोजेक्टशी तुमचा तसा काही संबंध नाही. तरी हात अडला खरा, म्हणून हे लिहायला घेतलं.

प्रोजेक्ट काय होता ते आधी सांगते, तुम्हाला त्यात रस वाटला असता. पाव फुगवायला वापरतात ते यीस्ट असतं ना, त्याच्या पेशीत मुलांनी बाहेरून काही जीन घातले. म्हातारपणी कुत्र्यांची किडनी हळूहळू बिघडते आणि मालकाला पत्ता लागेपर्यंत बहुतेक उशीर झालेला असतो, हे तुम्हाला मी काय सांगणार. तर अशा कुत्र्याच्या लघवीचे थेंब या यीस्टवर टाकले की त्याचा रंग पांढऱ्याचा नारिंगी व्हावा, अशी कल्पना. डोकं सगळं मुलांचं. माझं काम सह्या करायचं, प्रयोगशाळेच्या किल्ल्या सांभाळायचं आणि अधूनमधून ओरडायचं. इथल्या, इंदूरच्या तुकोगंजमधल्या एका जनावरांच्या डॉक्टरांनी त्यांच्याकडे येणाऱ्या मालकांना विचारलं आणि लोक नमुने द्यायला तयार झाले. सकाळी कुत्र्यामागे डबी घेऊन धावायचं म्हणजे काही सोपं काम नाही, पण लोक धावले. या सगळ्यांची नावं पानावर आहेत.

तुम्ही सकाळी शहराबाहेर हातोदच्या सरकारी दवाखान्यात गाईम्हशी बघायचात आणि संध्याकाळी तुकोगंजमध्येच एका गॅरेजात कुत्री. सुट्टीत आपण बापलेक बरोबर जायचो आणि मी कापूस कापून द्यायची. तुम्ही कधी बसून बोलत नसायचात. कुत्र्याला तपासायचं, नळावर हात धुवायचे आणि पाठमोरंच सांगायचं, "याचं आता काही होणार नाही. जे आवडतं ते खाऊ घाला." एकदा एक बाई तिथेच रडायला लागल्या, त्यांच्याबरोबर मुलगी होती माझ्याच वयाची. मी तिला हळूच म्हटलं, होईल बरा. तुमच्या कानांवर ते गेलं. परतल्यावर घराच्या फाटकाशी स्कूटर उभी करून तुम्ही म्हणालात, "तुला कोणी विचारलं होतं गं? आपल्याला माहीत नाही ते लोकांना सांगायचं नाही. आणि माहीत आहे ते दाबून ठेवायचं नाही, कितीही जड जावो." त्या रात्री मी जेवले नाही. तुम्हीही समजूत काढायला आला नाहीत. पण वाक्य डोक्यात बसलं, आणि पुढे मी ज्या विषयात पडले त्यात ते उपयोगीही आलं, हे मान्य करते.

आता गंमत ऐका. मालकांना आम्ही सांगितलं होतं, घरातली कोणतीही धुतलेली डबी चालेल. आणि इंदूरच्या घरात रिकामी होणारी लहान डबी कोणती? जिरावण मसाल्याची. पोह्यांवर भुरभुरून संपली की ती विसळून ठेवायची आपली रीतच आहे. पहिल्या खेपेला निम्म्याहून जास्त नमुने त्याच डब्यांतून आले आणि आमचं यीस्ट सगळीकडे नारिंगी झालं. प्रोजेक्ट चालला म्हणून मुलं नाचायला लागली. मालकांना निकाल सांगायचा नाही, हे आम्ही लिहून दिलं होतं, कारण हा प्रयोग आहे, तपासणी नाही. पण आमच्या एका मुलीला राहवलं नाही. तिने एका बाईंना फोन केला आणि सांगून टाकलं, "आँटी, आपके डॉगी की किडनी में प्रॉब्लम आ रही है." बाई आपल्यातल्याच, बँकेतून निवृत्त झालेल्या, घरात त्या आणि त्यांचा म्हातारा लॅब्रेडोर, एवढाच संसार. त्यांच्या तोंडचं पाणी पळालं. त्या खजराण्याच्या गणपतीला लाडूंचा नवस बोलून आल्या. दोन दिवसांनी मी सहज एक डबी उघडली आणि मला हळदीचा आणि आमचुराचा वास आला. नमुन्यांत मसाला उतरला होता आणि आमचं यीस्ट मसाल्यालाच भुललं होतं. मी मुलांना असं झापलं की तुम्हाला अभिमान वाटला असता. मग बाईंना फोन करून माफी मागितली. त्यांनी दुसऱ्या दिवशी कॉलेजात लाडू आणून वाटले, त्या मुलीच्या तोंडात स्वतः भरवला. "अरे बेटा, झालं ना आता ठीक? मी तर बिल्कुल घाबरूनच गेले होते. पण गणपतीने ऐकलं."

त्यानंतर आम्ही मालकांना औषधाच्या दुकानातल्या बंद बाटल्या दिल्या आणि नमुने पुन्हा घेतले. या खेपेला सगळे पांढरे राहिले. एक नारिंगी झाला, आणि तो त्याच बाईंच्या कुत्र्याचा. पुन्हा करून पाहिलं, पुन्हा तेच. फोन करणारी ती मुलगी म्हणाली, "मॅम, एक बार बोलके देख लिया ना. अब नहीं. कागज पे भी यही लिखा है." कागदावर तेच होतं, आणि नियम मोडायचा म्हटला तर मला उद्या कॉलेजात उत्तर द्यावं लागलं असतं. शिवाय ज्या बाईने कालपरवा लाडू वाटले तिच्यासमोर पुन्हा कोणत्या तोंडाने जायचं? मी दोन दिवस काढले. मग एका दुपारी रिक्षा केली आणि त्यांच्या घरी गेले.

मी तुमच्यासारखं उभ्याउभ्या सांगितलं नाही. त्यांनी चहा केला, मी तो पूर्ण प्यायले. कुत्रा माझ्या चपलेवर हनुवटी टेकून पडलेला. मी म्हटलं, "आमचं यीस्ट एकदा चुकलंय, पुन्हाही चुकू शकेल. मला नक्की माहीत नाही. पण तुम्ही याचं रक्त डॉक्टरांकडून तपासून घ्या, या आठवड्यातच." त्यांनी हातातला कप खाली ठेवला. मला वाटलं आता बोलतील, आणि बोलल्या असत्या तर त्यांचा हक्कच होता. त्या म्हणाल्या, "मॅडम, पुढच्या महिन्यात मी मुलाकडे जाणार होते, सहा महिन्यांसाठी. याला कुत्र्यांच्या हॉस्टेलात ठेवायचं पक्कं केलं होतं, ॲडव्हान्स पण देऊन आले. आता नाही जात मी. बरं केलं तुम्ही आलात." रक्ताच्या तपासणीत तेच निघालं. त्याचं खाणं बदललं, औषधं सुरू झाली. बाई मुलाकडे गेल्या नाहीत. परवा कॉलेजात प्रोजेक्ट दाखवायचा कार्यक्रम झाला, तिथे कुत्र्याला घेऊन आल्या होत्या, वाळलाय बराच, पण स्वतः चालत आला. मुलांनी त्याच्या गळ्यात हार घातला आणि त्याने तो खायला सुरुवात केली. सगळे हसले. बाईंना दोन शब्द बोलायला सांगितलं तर त्यांनी उलट मुलांचेच आभार मानले.

आता तुमचं. तुमच्या छातीचं दुखणं तुम्हाला कळलेलं होतं. हे मला तुमच्या तेराव्याला तुमच्या डॉक्टर मित्रांनी सांगितलं, जिलबीचं पान समोर असताना, मला ते माहीतच असणार अशा समजुतीने. मी पुण्याला शिकायला निघाले तेव्हा तुम्हाला ते माहीत होतं. तुम्ही स्टँडवर आलात, माझी ट्रंक स्वतः बसच्या टपावर चढवलीत, माझी फी, माझी खोली, माझ्या मेसचं खाणं, सगळं विचारलंत. एक गोष्ट सोडून सगळं बोललात. मी दिवाळीला येणार होते. दिवाळीच्या आधीच तार आली. आईला विचारलं तर तीही म्हणाली, मलाही नाही सांगितलं गं त्यांनी. मला कळतं तुम्ही असं का केलंत. मी थांबले असते, शिक्षण राहिलं असतं, आज ही मुलं आणि हे यीस्ट यातलं काहीच नसतं. म्हणजे आभाराच्या पानावर पहिलं नाव तुमचंच हवं, हिशेब सरळ आहे. मी ते दोनदा टाइप केलं आणि दोनदा पुसलं. आभार मानायला बसते आणि राग येतो, इतक्या वर्षांनंतरसुद्धा. तो निर्णय माझा होता, नाना, तुम्ही तो माझ्या वतीने घेऊन टाकलात.

पान आज सकाळी गेलं. हे पत्र कुठे पाठवायचा प्रश्नच नाही. एवढंच तुम्हाला सांगायचं होतं, दुसऱ्या कोणाला सांगण्यासारखं नाही म्हणून. त्या दुपारी बाई म्हणाल्या, आता नाही जात मी, आणि उठून कुत्र्याशेजारी खाली फरशीवर जाऊन बसल्या. मी सोफ्यावर रिकामा कप धरून बसले होते, आणि मला त्यांचा हेवा वाटला.