ओला बर्फ की कोरडा

मुक्काम साखरशेत, संस्थान जव्हार
मार्गशीर्ष महिना

दोस्त लाडक्या यास बाबल्याचा पोटभर रामराम. इकडे सर्व खुशाल, तुझी खुशाली कळवीत जावी. कोबे शहरी शेटजींच्या भटारखान्यात तुझा हात भाजला होता, तो बरा झाला असेलच.

पत्र पोचलं. माघात शेट थोडी रजा देणार, जपानी सोबत्याबरोबर तू पायांना फळ्या बांधून बर्फाच्या डोंगरावरून घसरणार (अरे, सूर्यमाळच्या उतारावर लंगोटी झिजेपर्यंत फुकट घसरायचास की!), आणि जवळचा ओला बर्फ बरा की लांब उत्तरेचा, बोटीनं जाऊन गाठायचा, पिठासारखा कोरडा बर्फ बरा, हे म्हणे आम्ही ठरवायचं. वा रे शहाण्या! आम्ही जन्मात बर्फ पाहिलेला नाही. तरी विचारलंस म्हणून सगळा पाडा तुझ्या आयच्या ओट्यावर जमवला. ढवळू छाती काढून म्हणाला, बर्फातलं मला विचारा. (दरबारच्या मेजवानीला मुंबईहून बर्फाची लादी आली होती, ती उतरवायला हा वेठीला होता, तेवढीच त्याची विद्या.) त्याचं मत, बर्फ कोरडाच खरा, पण चवीला लाकडासारखा लागतो. खोदून विचारलं तेव्हा कळलं, गड्यानं लादीवरचा भुसा बर्फ समजून बचकभर खाल्ला होता! वर पदरच्या माणसाला विसरू नये म्हणून मूठभर घरी नेऊन बायकोलाही चारला.

तुझी आय नाचणी दळत सगळं ऐकत होती. तिनं एवढंच विचारलं, "पडला तर लागंल का त्याला?" म्हटलं, ओल्यात लागेल, पिठासारख्यात नाही. "मंग त्याला पिठातच जाया सांग." पुन्हा जातं ओढता ओढता म्हणते, "पाय उमटतात का रं त्यात?" म्हटलं, उमटतात. झालं, निकाल लागला. कोरड्याकडेच जा.

तुझा,
बाबल्या

ता. क. वर सर्व खुशाल लिहिलं ती पत्राची रीत. खुशाल नाही रे लाडक्या. ओट्यावर जमलो त्याच्या पुढच्या बाजाराच्या आधीच तुझी आय तापानं गेली. ही एक ओळ लिहायला हात धजेना, म्हणून ढवळूचा भुसा पुढं केला. मला हव्या तेवढ्या शिव्या दे. तुझ्या वाटचं पाणी तिला मी पाजलं.

आणखी ता. क. रीतीप्रमाणं, जीव कुठल्या रूपानं गेला ते सकाळी पावलांवरून बघायला, ती गेली त्या जागी पीठ चाळून वर पाटी पालथी घातली. पीठ तिनंच दळलेलं. सकाळी शेजारच्या धोंडीबाईनं पाटी उचलली, तर काहीच नाही. मुंगीचंसुद्धा पाऊल नाही. धोंडीबाई बोलली, "लाडक्याची आय हितं थांबलीच नाय. तिला पोराकडं जायाचं होतं." मी जव्हारच्या शाळेत चार बुकं शिकलेला, माझा असल्यावर विश्वास नाही. तरी माझं एक काम कर. ओल्यात पाऊल लगेच बुजतं, तेव्हा उत्तरेलाच जा. उजाडताच, ती घसरणारी माणसं यायच्या आधी, बाहेर पडून बघ. डाव्या पायाला करंगळी नाही, तुला ओळखू येईलच. सापडलं तर त्यावरून फळी नेऊ नकोस.