केलरांचं गाणं आणि तुमचा हेल

प्रिय अहो आई,

आज पुन्हा जिना झाडायची आपली पाळी होती. इथं जर्मनीत तिला केअरवोखं म्हणतात, हे तुम्हाला काय सांगायचं! इथं आलात तो अख्खा उन्हाळा माझ्या हातातला झाडू ओढून घेऊन तुम्हीच तर ती पाळी सांभाळलीत. आज पहिल्या मजल्यावर पोचले आणि तिथल्या केलरांच्या दारामागून तेच गाणं ऐकू आलं. झाडू तिथंच टेकवला, वर आले आणि लिहायला बसले. काल काय झालं ते तुम्हाला सांगितल्याशिवाय मला चैन पडणार नाही.

पहिल्यांदा ते गाणं ऐकलंत ते आठवतं? एक गिटार आणि एक घोगरा अमेरिकन आवाज. तुम्ही मटकन पायरीवर बसलात. मी म्हटलं, "अहो आई, उठा, लोक काय म्हणतील!" तर तुमचा पदर डोळ्यांना लागलेला.

"ह्या मानसाचं कोन गेलंय गं?"

मी थक्क! इंग्रजीचं एक अक्षर येत नव्हतं तुम्हाला. कसं कळलं हो?

तेवढ्यात केलरांनी दार उघडलं. एकटे राहणारे म्हातारे गृहस्थ. तरुणपणी इथल्या अमेरिकन सैनिकांच्या रेडिओवर ही कंट्री, म्हणजे तिकडच्या खेड्यापाड्यांतली, गाणी ऐकून नाद लागलेला. त्यांनी जर्मनमधून अर्थ सांगितला, मी मराठीतून. बायको गेली, तरी गाण्यातला माणूस चिखलाचे बूट अजून दाराबाहेरच काढतो. आत आणले आणि कुणीच ओरडलं नाही, तर ती खरंच गेली असं होईल, म्हणून.

तुम्ही मान डोलावलीत. "बराबर हाय. रडायचं आसंल तर दुख सांगू नये. बूट सांगावं."

मी ते केलरांना सांगितलं. "गेनाऊ," म्हणजे अगदी बरोबर, असं म्हणाले आणि आत जाऊन त्यांनी गाणं पुन्हा पहिल्यापासून लावलं. मग काय, आमटीला मीठ बरोबर पडलं तरी तुमचं आपलं गेनाऊ!

बुटांवरून रडू फुटतं ह्यात तुम्हाला नवल वाटलं नाही, कारण मयताला हेल काढून रडणं हे तुमचंच काम होतं. गावात कुणी गेलं की आधी तुम्हाला बोलावणं यायचं. चुलत सासरे गेले तेव्हा तुमचा हेल मी ऐकला. "पानी तापलंय, उटा की वो... आता तंबाकूची डबी कुनाच्या खिशात वाजंल वो..." नशीब नाही, देव नाही, नुसती डबी! आणि भिंतीला टेकलेले बाप्ये ढसाढसा रडत होते. मी पुण्याच्या फ्लॅटात वाढलेली. आमच्याकडे रडायचं ते बाथरूमचा नळ सोडून. आणि त्या दिवशी तुम्ही! विहिरीत पडलेली बादली गळ टाकून काढतात, तसं तुम्ही माणसांचं अडकलेलं रडू वर काढत होतात.

पण आई, गावभराचं रडलात आणि स्वतःसाठी कुणाला तयार केलं नाहीत! हे काही बरं केलं नाहीत. तुम्ही गेलात तेव्हा वन्सं फोनवर म्हणाल्या, "बायका मुसमुसल्या फक्त. हेल काढणारं कुनी उरलंच नाही, वहिनी."

आणि तुमचे चिरंजीव! उमेश पोचेपर्यंत सगळं आटोपलं होतं. तिथं रडला नाही, इथं परत येऊनही नाही. दुसऱ्या दिवशी टाय लावून ऑफिसला. तुमचं नाव काढलं की उठायचा आणि भांडी मशीनमध्ये लावत बसायचा. जेवण तुटलं, बोलणं तुटलं. मी घाबरले होते, आई. हा माणूस आतल्या आत संपेल असं वाटायला लागलं होतं.

काल सामान आणायला निघालो. केलरांनी उमेशसाठी त्या गाण्यांची सीडी दिली होती, ती मी गाडीत लावली. मला बसायला जागा नव्हती. तुमचे पाय खाली टेकावेत म्हणून त्यानं पुढची सीट पार पुढं ओढली होती, ती अजून तशीच. मी ही अशी ताडमाड! सीट मागं घ्यायला हात घातला.

"राहू दे."

"अरे, गुडघे दुखतात माझे."

"राहू दे गं. आईचे पाय टेकत नाहीत."

त्यानं गाडी कडेला घेतली. बुटांचं गाणं सुरू झालं होतं. आणि आई, स्टिअरिंगवर डोकं टेकून तुमच्या लेकानं हेल काढला!

"आई गंऽ... शीट फुडंच ठिवलीय गंऽ... आता पाय कोन टेकवंल गंऽ..."

कित्येक वर्षांत गावची बोली त्याच्या तोंडी नव्हती. तोच सूर, तीच ओढ! कुठं ठेवलं होतं त्यानं हे सगळं? तुमच्या मांडीवर बसून ऐकलेलं ना? मी त्याला गप्प केलं नाही. मला हात जोडावेसे वाटले. तुम्हाला, त्याला, त्या न पाहिलेल्या अमेरिकन गवयालासुद्धा.

रात्री तो पोटभर जेवला. तुमच्यासारखी आमटी झाली नाही म्हणून कुरकुरलासुद्धा.

तर आई, शब्द देते. सीट पुढंच राहील. आणि आपल्यातलं कुणी गेलं तर मी नळ सोडणार नाही. तुमचा गळा माझ्याकडे नाही, पण बूट सांगेन, डबी सांगेन. तुमच्यासाठी आजपासूनच सुरुवात करते: जिना अर्धाच झाडलाय, आई, आता झाडू कोण ओढून घेईल हो?

गुडघे दुमडून बसलेली,
तुमची ताडमाड सून
मेधा