छाटीवरचा प्रतिनिधी

नाशिक, ता. ९ मार्च १९३८

ती. बहिरूदादांस, पुंजारामाचा शि. सा. न. वि. वि.

मी व आई खुशाल आहोत. विडी कारखान्यात आमची युनियन झाली. माझे अक्षर स्वच्छ, म्हणून मला चिटणीस केले. भांडण छाटीचे आहे. आई दिवसाला हजार विड्या वळते. मुनीम त्यातल्या शंभर वाईट ठरवून काढतो. त्यांची मजुरी मिळत नाही, आणि त्याच विड्या मालक विकतो. काल सरकारी अधिकाऱ्यांनी मालकाला व आम्हाला एका टेबलाशी बसवून चहा पाजला. आपण सारे एका कुटुंबातले, असे ते म्हणाले. ठरले की, यापुढे छाट कामगारांचा प्रतिनिधी काढील. सर्वांनी माझे नाव घेतले. चुकेन या धास्तीने जेवण गेले नाही.

आपला लोभ पाठीशी असावा.

पुंजाराम

सायखेडे, ता. १६ मार्च

चि. पुंजारामास अनेक आशीर्वाद.

पत्र वाचून तुझी वहिनी हसत बसली. म्हणते, भाऊजी तांदूळ निवडायला बसले की निम्मे अंगणात जातात. त्यांना कुणी निवडले? जरा डोळेझाक करीत जा. आईच्या विड्या तर पाहूच नकोस.

लोभ आहे, शहाणपण तू ठेव.

बहिरू

नाशिक, ता. २ एप्रिल

ती. दादांस, शि. सा. न. वि. वि.

डोळेझाक जमत नाही. मालकाने नमुन्याची विडी व मापाची पट्टी दिली आहे. कुणाचा दोरा सैल, कुणाची विडी आखूड. छाट दुप्पट झाली. आईच्या दोनशे चाळीस निघाल्या. छाटलेला माल कोणाचा, हे टेबलाशी विचारायचे राहून गेले, म्हणून तो मालकच नेतो. अधिकाऱ्यांनी अहवालात माझी तारीफ केली. आईशेजारी बसणाऱ्या गुलजारबी म्हणाल्या, मुनीम बरा होता, त्याला शिव्या तरी देता येत होत्या.

रागावलात तरी लोभ कमी करू नये.

पुंजाराम

नाशिक, ता. १४ एप्रिल

ती. दादांस, शि. सा. न. वि. वि.

युनियनने एकमताने ठराव केला की, पुंजारामास काढून मुनिमास परत आणावे. अर्ज चिटणिसानेच लिहायचा, म्हणून मी लिहिला, दोनदा तपासला. मालकाने तो नामंजूर केला. कामगारांच्या प्रतिनिधीचा असा अपमान आपण होऊ देणार नाही, असे त्याने कळवले. अधिकाऱ्यांनी त्याचे अभिनंदन केले.

सोमवारपासून संप आहे. चिटणीस म्हणून मला फाटकाशी पहिल्या रांगेत बसायचे आहे. प्रतिनिधी म्हणून आत हजर राहण्याची चिठ्ठी मालकाने पाठवली आहे. आई म्हणाली, आत गेलास तर घरी येऊ नकोस. मी बाहेर बसणार. माझ्याविरुद्धच्या घोषणा मात्र अजून कुणी लिहून दिलेल्या नाहीत. त्या आज लिहून टाकतो.

आपला लोभ या वेळी थोडा जास्त लागेल.

पुंजाराम