स्वयंभू विभागप्रमुख

१६ मे, बुद्धसंवत २५६८, शुक्रवार. सकाळी ६.५०

शाळा सुरू. नवी वही. रोज लिहायचं. तपशील आधी, भावना नंतर.

टाइमटेबल हातात पडलं. सातवी ते बारावी, चित्रकला, संगीत आणि नृत्य, तिन्ही विषयांना मी एकटा. आठवड्याला चोवीस तास. शेजारच्या टेबलावरचे गणिताचे मास्तर म्हणाले, बनलू, मेलास की रे! मेलो कसला? एकाच माणसात तीन माणसं सापडली म्हणून दिलंय. सिनेमाची पोस्टरं रंगवणारा माणूस कुणाच्या हाताखाली एक दिवसही न शिकता, नुसत्या कॅसेटी ऐकून रनात वाजवायला शिकला, असं दुसरं उदाहरण या आंगथोंग जिल्ह्यात कुणी दाखवावं. (माझ्या रनातला लाकडी पट्ट्या एकवीस. काही लोक बावीस लावतात. ती हौस झाली.)

दुपारी ४.१०

मुख्याध्यापिका वारुणी मॅडमनी बोलावलं. १२ जूनच्या गुरुवंदनेला जिल्ह्याचे शिक्षणाधिकारी येणार आहेत. वंदनेची धून आपण दर वर्षी स्पीकरवर लावतो. गेल्या वर्षी ती मध्येच बंद पडली आणि सहाशे मुलं गुडघ्यांवर तशीच ताटकळली. मी म्हणालो, यंदा मुलं स्वतः वाजवतील. मॅडम म्हणाल्या, क्रू, (क्रू म्हणजे गुरुजी, इथं सगळ्याच शिक्षकांना म्हणतात) चार आठवड्यांत? म्हणालो, तीन पुरेत, चौथा शोभेचा.

मॅडम म्हणाल्या, जमवलंत तर कलाविभागप्रमुखाच्या जागेला तुमचं नाव सुचवते. नाही जमलं तर काय, हे मी विचारलं नाही. त्याच म्हणाल्या, तुमचं कंत्राट सप्टेंबरला संपतंय ना?

घरी येऊन पाटीचा मजकूर ठरवला. ‘क्रू बनलू, कलाविभागप्रमुख’. अक्षरं तीन इंच, सावली उजवीकडे.

१९ मे, सोमवार

नववीला नृत्य. मी नाचत नाही, मोजतो. हाताची बोटं मागे किती वळतात ते कोनमापक लावून प्रत्येकीच्या नावापुढे टिपलं. एक मुलगी म्हणाली, क्रू, माझी आजी म्हणते, बोटं कशी कोवळ्या पालवीसारखी दिसली पाहिजेत. मी म्हणालो, पालवीचा कोन सांग. 

सातवीला वांग्याचं फूल काढायला दिलं. चाळीस फुलं आली, त्यांतली अडतीस जांभळ्या पंख्यांसारखी.

बारावीला तास होता. कुणी आलं नाही, प्रवेशपरीक्षेची तयारी. रिकाम्या वर्गात छायाप्रकाश शिकवला. व्यत्यय अजिबात आला नाही.

२२ मे, गुरुवार

पहिली रिहर्सल. सात मुलं. इतर धुना छान वाजवतात. म्हटलं, आता वंदना घेऊ.

सगळे एका मुलीकडं वळले.

पिमदाव म्हणून अकरावीतली मुलगी आहे, सोळा घंटांच्या कड्यात मध्ये बसून वाजवते. तिनं काठ्या खाली ठेवल्या, हात जोडले आणि अगदी गोड आवाजात विचारलं, क्रू, क्रूचे हात कुणी धरले होते?

ही रीत मला माहीत नाही असं नाही. गुरूनं मागे बसायचं, शिष्याचे दोन्ही हात धरायचे आणि वंदनेचे पहिले ठोके त्याच्याकडून तीनदा देववायचे. तोवर शिष्यानं ती धून वाजवायची नाही. आणि ज्याचे हात कुणी धरले नाहीत, त्यानं दुसऱ्याचे धरायचे नाहीत. हे सगळं कॅसेटचा शोध लागण्यापूर्वीचं आहे.

मी म्हणालो, माझे हात मीच धरले. मुलं हसली नाहीत. खाली बघत बसली. आदर.

ढोलावरून पाय टाकून पंख्याचं बटण बंद करायला गेलो तेव्हा मात्र सातही जणांनी एकदम श्वास आत घेतला. ढोलाला इथं गुरू मानतात. पण बटण पलीकडे होतं.

२६ मे, सोमवार

आज वंदना नाही. ढोल वाजवणाऱ्या उआनचं पोट दुखत होतं. एकाच्या काठ्या घरी राहिल्या. एकाच्या मांजरीला पिल्लं झाली. ‘नाही वाजवणार’ असं कुणीच म्हणत नाही, ही जमेची बाजू. मुलांना माझी भीड वाटते, आणि भीड म्हणजे आदराचीच थोरली बहीण.

मॅडम व्हरांड्यात भेटल्या. कसं चाललंय? म्हणालो, पाया भरतोय. म्हणाल्या, क्रू, इमारत बाराला पाहिजे.

२९ मे, गुरुवार. संध्याकाळी ७.१५

तोडगा सापडला. गुरूच हवा ना? माझा गुरू म्हणजे माझा टेपरेकॉर्डर. वीस वर्षं शिकवलं, एकदाही ओरडला नाही.

घरीच विधी केला. पाटावर पांढरं कापड, त्यावर टेप, टेपला हार. दूर्वा, वांग्याची फुलं, लाह्या. माझी बायको उबोन बाजारात नारळाच्या वड्या विकते, येताना तिला उकडलेलं डुकराचं डोकं आणायला सांगितलं. तिनं डोकं पाटावर ठेवलं, टेपकडं पाहिलं आणि म्हणाली, अहो, हा तुमचे हात धरणार कसा?

म्हणालो, मीच धरीन, प्रतीकात्मक. पण डाव्या हातानं उजवा आणि उजव्यानं डावा धरला तर काठ्या कोण धरणार, ही तांत्रिक अडचण निघाली. दहा मिनिटं प्रयत्न केला. शेवटी उबोननं मागून येऊन माझे हात धरले आणि तीन ठोके मारून घेतले. म्हणाली, झालं? आता उद्यापासून मलाच क्रू म्हणा.

विधी पूर्ण झाला असं मी मानतो. डोकं चविष्ट होतं.

३० मे, शुक्रवार

मान आखडली. डावीकडे वळत नाही. उबोन म्हणते, गुरूचा कोप. शेजारीण म्हणते, गुरूचा कोप. फार्मसीवाला मलम देता देता म्हणाला, काका, कुठं काही चुकलं का? चुकलं ते पंख्याचं. रात्रभर एकाच दिशेला होता.

३१ मे, शनिवार

नदीपलीकडे क्रू सनान यांच्याकडे गेलो. पिमदावचे आजोबा. वय एक्याऐंशी, देवळात अंत्यविधीला वाजवणारा त्यांचा ताफा आहे. विनंती करायला गेलो नव्हतो. सहकार्याची संधी द्यायला गेलो होतो. म्हणालो, एका ओळीचं पत्र द्या, की बनलू यांनी वंदना शिकवण्यास हरकत नाही. मजकूर मी टाइप करून नेला होता, सहीची जागा ठिपक्यांनी दाखवली होती.

म्हातारा सुपारी चघळत म्हणाला, पत्र? आमच्यात हात देतात बाबा, कागद नाही. वाजव बघू काहीतरी.

वाजवलं. जीव ओतून, पण मोजून. म्हातारा डोळे मिटून ऐकत होता. मग म्हणाला, हात चांगले आहेत. कुणाचे?

हात चांगले आहेत, हे त्यांचे शब्द जसेच्या तसे इथं नोंदवतो. पुढचा प्रश्न वयोमानानं आला असावा.

मग म्हणाला, येत्या गुरुवारी ये. नवी पोरं येतात त्या दिवशी. एक वाटी, मेणबत्ती, पांढरं कापड आणि फुलं घेऊन ये आणि रांगेत बस. मी म्हणालो, रांगेत? मी शिक्षक आहे. तर म्हणतो कसा, खुर्चीवर बसलेल्याचे हात नाही रे धरता येत, बाळा.

बाळा! मी बावन्न वर्षांचा आहे. ऑगस्टमध्ये त्रेपन्न.

५ जून, गुरुवार

सनानांकडे गेलो नाही. पाटीवर रंगाचा दुसरा हात द्यायचा होता. काम महत्त्वाचं.

दुपारी रिहर्सलला कुणीच आलं नाही. सातही मुलांचं पोट एकाच दिवशी दुखतंय. साथ दिसते. आरोग्यकेंद्राला कळवावं का, या विचारात आहे.

९ जून, सोमवार

चमत्कार! मुलं वेळेआधी हजर. पिमदाव म्हणाली, क्रू, आज वंदना घेऊ या. आणि वाजवली. सुरुवातीपासून शेवटपर्यंत, सातही जणांनी. माझ्या अंगावर काटा आला (हवामान : उष्ण). माझ्या पद्धतीचा परिणाम जरा उशिरा दिसतो, पण दिसतो.

सगळ्यांच्या मनगटाला पांढरा दोरा बांधलेला होता. नवी फॅशन. गणवेशाच्या नियमात बसते का ते बघितलं पाहिजे.

ठरवलं की रनात मी स्वतः वाजवणार. पहिला ठोका माझा, मग घंटा, मग ढोल. मुलांना तसं सांगितलं. मुलं एकमेकांकडे बघू लागली. उआन म्हणाला, क्रू, नक्की ना? म्हणालो, लेका, मला विचारतोस? पिमदावनं हळूच विचारलं, मागच्या गुरुवारी क्रू कुठं होते? सांगितलं, पाटी रंगवत होतो. ती ‘हो का’ म्हणाली आणि काठ्यांना तेल लावत बसली.

१२ जून, गुरुवार. दुपारी १२.४०

घटनाक्रम लिहून ठेवतो, म्हणजे पुढे कुणी विपर्यास करायला नको.

८.०० सभागृह भरलं. पुढे शिक्षक, समोर सहाशे मुलं, प्रत्येक वर्गाच्या तबकात दूर्वा आणि फुलं. शिक्षणाधिकारी पहिल्या रांगेत, त्यांच्या शेजारी मॅडम. मी रनातपाशी, पांढरा कोट, नव्या काठ्या.

८.१२ अधिकाऱ्यांनी मेणबत्ती लावली. मॅडमनी माझ्याकडं पाहून मान हलवली. मी दोन्ही काठ्या उचलल्या.

इथं एक गोष्ट स्पष्ट करतो. मी असल्या गोष्टी मानत नाही. कधीच मानल्या नाहीत. काठ्या बरोबर पट्ट्यांच्या वर होत्या, अंतर अंदाजे नऊ इंच. हात खाली यायला हवे होते, आले नाहीत. वंदनेसाठी शेल्फावर मांडलेल्या आद्यगुरूंच्या मुखवट्यांनी माझ्याकडे पाहिलं असं काही नाही. ते पुढेच बघत असतात, बनवलेच तसे आहेत. पण हात आले नाहीत. अकरा सेकंद. मी मोजली.

बाराव्या सेकंदाला पिमदावनं हलकेच घंटेवर ठोका दिला. मग ढोल. मग सगळे. धून सुरू झाली, सहाशे डोकी खाली वाकली, बायका डोळे पुसू लागल्या. मी साडेसहा मिनिटं काठ्या तशाच वर धरून बसलो होतो. मध्येच खाली ठेवणं बरं दिसलं नसतं.

कार्यक्रमानंतर अधिकारी मुद्दाम माझ्यापाशी आले. म्हणाले, वा, क्रू! एक सूर न वाजवता नुसते हात वर धरून अख्खा ताफा चालवलात. ही कुठली पद्धत? म्हणालो, माझीच. त्यांनी वहीत टिपून घेतलं.

मॅडम शेजारीच होत्या. हसत होत्या, पण दातांनी.

थोडक्यात, संपूर्ण यश. पाटीला खिळे आणले.

१६ जून, सोमवार

मॅडमनी बोलावलं. पाटीचं माप घ्यायचं असेल म्हणून टेप बरोबर नेली.

म्हणाल्या, क्रू बनलू, बसा. मुलांच्या आईबापांचे फोन येतायत. विचारतात, ज्यांचे हात कुणी धरले नाहीत ते आमच्या मुलांना वंदना शिकवतात का? मी काय सांगू?

म्हणालो, सांगा की मुलं माझ्याकडूनच शिकली. मॅडम म्हणाल्या, मुलं पाच तारखेला पोटदुखीचं निमित्त करून सनान आजोबांकडे हात धरून घ्यायला गेली होती. तुम्हाला वाईट वाटेल म्हणून बोलली नाहीत. सगळ्या शाळेला माहीत आहे, क्रू. शिपायालासुद्धा.

मी विचारलं, मग विभागप्रमुख? त्यांनी कागद पुढे केला. ‘सदर पद योग्य व्यक्ती मिळेपर्यंत रिक्त राहील.’ खाली आणखी एक ओळ होती. ‘श्री. बनलू यांच्या कंत्राटाचा विचार त्यांनी रीतसर हात धरून घेतल्यानंतर करण्यात येईल.’

कागदावरचा समास दोन्हीकडे सारखा नव्हता. ते त्यांच्या लक्षात आणून दिलं. मॅडम म्हणाल्या, घरी जा, क्रू.

उबोनला सांगितलं. ती वड्या कापत होती. म्हणाली, गुरुवारी वाटी कुठली नेणार, पितळेची की स्टीलची?

१९ जून, गुरुवार. सकाळी ११.२०

सनानांकडे निरीक्षणासाठी गेलो. वाटी, मेणबत्ती आणि कापड सोबत असलेलं बरं, म्हणून नेलं. पितळेची.

अंगणात चटईवर माझेच सातवीचे तेरा विद्यार्थी. मला पाहून सगळे धडपडून उठले, हात जोडले. क्रू, पुढे बसा, पुढे बसा! म्हातारा आतून ओरडला, मध्ये घुसायचं नाही, शेवटी बस म्हणावं. शेवटी बसलो. शेजारचा पोरगा, ज्याचं वांग्याचं फूल मी दोनदा परत दिलं होतं, कानाशी येऊन म्हणाला, घाबरू नका क्रू, दुखत नाही.

माझी पाळी आली. घंटांच्या कड्यात मांडी घालून बसलो, गुडघे दोनदा वाजले. म्हातारा मागे बसला आणि त्यानं माझे हात धरले. त्याचे हात कोरडे आणि हलके होते, वजन सांगता येणार नाही. तीन वेळा. मग म्हणाला, आता एकटा. वीस वर्षं पाठ असलेली धून मी दुसऱ्याच घंटेवर चुकलो. पोरं हसली. म्हाताराही हसला. म्हणाला, असू दे, पहिला दिवस आहे.

बाहेर पिमदाव वहीत नावं लिहीत होती. नाव, वय, इयत्ता. नाव सांगितलं. वय सांगितलं. इयत्तेला म्हणालो, सातवी ते बारावी, सगळे वर्ग, तिन्ही विषय. तिनं मान डोलावली, थोडा विचार केला आणि लिहिलं, ‘सातवी’.

मी वाकून पाहिलं. शुद्धलेखन बरोबर होतं. दुरुस्त करण्यासारखं काही नव्हतं.