मधला स्पीकर

शनिवार संध्याकाळ, हेब्बाळ

नागपूरहून आमच्याकडे राहायला आल्यापासून टीव्ही लागला की बाबा उठून आत जायचे. माझा राग आलाय का? महिनाभर हेच डोक्यात. आज हॉलसाठी स्पीकर घ्यायला त्यांनाही नेलं. मी आपला दणदणाटावर खूश. दुकानदाराने मधल्या स्पीकरचा, म्हणजे संवादांचा, आवाज वाढवला आणि सिनेमातल्या विनोदावर बाबा खळखळून हसले!

"अरे, बोलणं कळतंय मला! घरी नुसता गलका. सारखं 'काय म्हणाला' विचारायचं तरी किती?"

म्हणजे राग नव्हताच. किती हलकं वाटलं! मागचे स्पीकर सोडून दिले, मधला मात्र उत्तम घेतला. आत्ताच मी बाबांना चहा विचारला, तर म्हणाले, "गप रे, ऐकू दे."